कर्णिकांचा हॉर्न

दिनानाथ कर्णिकांना कमी ऐकू येतं, हे सोनिवलीच्या आमच्या सोसायटीत एकट्या दिनानाथ कर्णिकांनाच माहीत नव्हतं. वॉचमनला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, कुरिअर घेऊन येणाऱ्या पोरांना तर इतकं माहीत होतं की ती थेट शेजारचं दार वाजवत. आडनाव कर्णिक असणं हा निव्वळ योगायोग. त्यावरून त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी फरक पडला नसता.

उभी नोकरी त्यांनी अंबरनाथ एमआयडीसीत, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात केली. प्रेस शॉपचे सुपरवायझर. तिथे मोठमोठे प्रेस दिवसभर असे आदळत की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. कंपनी कानात घालायला रबरी बुचं द्यायची. कर्णिकांनी ती टेबलाच्या खणात जपून ठेवली. सुपरवायझरनेच कान झाकले तर मशीन बिघडल्याचा आवाज ऐकणार कोण, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर बाळ देसले, त्याचंही अगदी तेच म्हणणं. दोघांनी मशीनचा प्रत्येक आवाज मन लावून ऐकला. इतका मन लावून, की पुढच्या आयुष्यात ऐकायला फारसं काही शिल्लक राहिलं नाही.

निवृत्तीनंतर कर्णिकांच्या असं लक्षात आलं की बाजारात मिळणाऱ्या एकूण एक वस्तूचा दर्जा घसरलाय. आधी दारावरची बेल मंदावली. त्यांनी ती काढून शाळेत लावतात तसली बेल बसवली. मग कुकरच्या शिट्ट्या मलूल झाल्या. मग मोबाइल वाजेनासा झाला. टीव्हीवर बातम्या देणारी माणसं, ज्यांच्या ओरडण्याने आमच्या घरात दुपारी कुणाचा डोळा लागत नाही, ती कर्णिकांच्या मते हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली होती. देश कुठे चाललाय, असा त्यांना प्रश्न पडे, आणि तो ते जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारत.

मालिनीवहिनी अधूनमधून म्हणत, "अहो, एकदा कान दाखवून या."

हे वाक्य मात्र त्यांना अचूक ऐकू येई. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? तू स्पष्ट बोलायला शीक."

वहिनींनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून केलेली. त्यांना स्पष्ट बोलायला शिकवणं हा एक नवाच प्रयोग होता.

या रांगेत पुढचा नंबर गाडीच्या हॉर्नचा लागणार, हे ठरलेलंच होतं.

गाडी जुनीच घेतलेली, लहानशी, पांढरी. एका सकाळी दोघं अंबरनाथला निघाले होते. पुढे विटांचा टेम्पो. कर्णिकांनी हॉर्न दाबला. टेम्पो हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबला, मग दाबूनच धरला. शेवटी टेम्पोवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून कर्णिकांच्या आईची अत्यंत आपुलकीने चौकशी केली.

"काय म्हणाला तो?" कर्णिकांनी विचारलं.

"म्हणाला, ऐकू येतंय," वहिनी म्हणाल्या. चौकशीतला तेवढाच भाग त्यांना नवऱ्याला सांगता येण्यासारखा वाटला.

"कसलं ऐकू येतंय? हॉर्न बसलाय. घसा धरल्यासारखा वाजतो. कंपनीने स्वस्तातला बसवलाय."

रविवारी ते उल्हासनगरला गेले. गाडीला लावता येईल अशी जगातली कुठलीही वस्तू तिथे मिळते, आणि जी मिळत नाही ती संध्याकाळपर्यंत कुणीतरी बनवून देतो, असा आमच्या भागात समज आहे. दुकानदार सिंधी, अनुभवी माणूस. त्याने विचारलं, "साईं, कौन सी गाडी है?"

"जोरात वाजणारा पाहिजे," कर्णिक म्हणाले.

"हां, पर गाडी कौन सी?"

"सगळ्यात जोरात."

दुकानदाराने ओळखलं की गिऱ्हाइकाचं मत पक्कं आहे. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालण्यासाठी माणूस दुकान टाकत नाही. त्याने वरच्या फळीवरून एक खोका काढला. आत शंखासारखे वळलेले दोन लाल हॉर्न, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक, दोन्ही एकदम वाजणारे. सोबत वायर, फ्यूज, आणि रिले नावाची काडेपेटीएवढी डबी. स्टिअरिंगच्या बटणावर एवढ्या मोठ्या हॉर्नचा भार पडू नये म्हणून ही डबी मध्ये बसवायची असते. दुकानदाराने फिटिंग करून देतो म्हणून हाताने खुणाही केल्या. कर्णिकांनी मान हलवून नाही म्हटलं. ज्या माणसाने उभा जन्म प्रेस चालवले, त्याच्या गाडीला दुसरा माणूस हॉर्न बसवणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. खरं तर प्रेस चालवायला ऑपरेटर असत आणि बिघडला तर मेंटेनन्सवाले येत. पण इतक्या वर्षांत कर्णिकांनी दोघांच्याही पाठीमागे उभं राहून इतकं बारकाईने पाहिलं होतं, की आता त्यांच्यात आणि त्यांच्या ज्ञानात फक्त हत्यारांचाच अडथळा होता.

हत्यारं त्यांनी सोसायटीचा सेक्रेटरी सुजित याच्याकडून आणली. सुजित कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याच्याकडे पान्यांचा एक सुंदर सेट आहे, जो त्याने कधीही उघडलेला नाही. आपल्या पान्यांचं काय होतं ते पाहायला तोही पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. मी भाजी आणायला निघालो होतो. भाजी कुठे पळून जात नाही, म्हणून मीही थांबलो.

सुरुवात चांगली झाली. बॅटरीची वायर सोडवली. पुढची जाळी काढली. जुना हॉर्न निघाला, बशीएवढा, बिचारा. कर्णिकांनी तो असा बाजूला ठेवला, जसं कामचुकार माणसाला गेटबाहेर काढतात. नव्या हॉर्नच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की तोंड खाली ठेवा, नाहीतर पाणी जाईल. सुजितने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला.

"तोंड खाली केलं तर आवाज रस्त्याला ऐकू जाईल," कर्णिक म्हणाले. "रस्त्याला ऐकवून काय करू?" आणि दोन्ही शंख थेट समोर रोखून बसवले.

रिले बसवला. अर्थिंगची वायर बॉडीच्या बोल्टखाली दिली. इथपर्यंत सगळं चित्रात होतं तसं. मग फ्यूज आला. फ्यूजची वायर आखूड पडत होती.

"काका, फ्यूजशिवाय डायरेक्ट नका देऊ," सुजित म्हणाला.

"हो, डायरेक्टच देतोय," कर्णिक म्हणाले, आणि दिली.

मग बॅटरीची वायर परत जोडून ते गाडीत बसले, काच खाली केली, आणि त्यांनी बटण दाबलं.

तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. एवढंच सांगतो, सुजित गाडीच्या पुढे वाकून उभा होता. तो सरळ झाला तो दोन गाड्या पलीकडे. बी विंगमध्ये एक तान्हं बाळ नुकतंच झोपलं होतं, ते त्या दिवशी परत झोपलं नाही. गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली. वर मालिनीवहिनी दोन्ही हात हलवून बस, बस म्हणत होत्या. कर्णिकांनी खालून हात हलवून प्रतिसाद दिला. इतक्या वर्षांत बायकोने आपलं असं उघडउघड कौतुक केलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"कसा वाटला?" त्यांनी सुजितला विचारलं.

सुजित काहीतरी म्हणाला. मी शेजारी असून मलाही ते ऐकू आलं नाही; माझ्या कानात अजून शिट्टी वाजत होती. त्या क्षणी आम्ही तिघं एका पातळीवर होतो.

"बराय," कर्णिक स्वतःच म्हणाले. "पण अजून मोकळा झालेला नाही." हॉर्नच्या मागे आवाज कमीजास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो. तो त्यांनी फिरेल तितका फिरवला.

पुढचे काही दिवस कर्णिकांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. सोनिवलीच्या रस्त्यावर रिक्षावाले त्यांना लांबून ओळखू लागले आणि बाजूला होऊ लागले. कारखान्यात हाताखाली पन्नास माणसं असताना जो मान मिळाला नव्हता, तो आता मिळत होता. म्हशीसुद्धा कडेला होत. वहिनींनी मात्र गाडीत बसणं बंद केलं. गुडघ्याला चालणं चांगलं असतं, असं त्या म्हणत.

त्याच महिन्यात बाळ देसले गेला. पुढचं सगळं मला वहिनींकडून कळलं, आणि थोडं सुजितकडून, कारण देसलेच्या ओळखीतला म्हणून तोही तिथे गेला होता.

देसले कुळगावला राहायचा. शोकसभा तिथल्याच एका छोट्या हॉलमध्ये ठेवली होती. वहिनी सकाळीच रिक्षाने देसलेच्या बायकोकडे, इंदुबाईंकडे, मदतीला गेल्या. कर्णिक मागून गाडीने निघाले. पुलावर चढताना पुढे एक स्कूटर होती. कर्णिकांनी हॉर्न दाबला, स्कूटर बाजूला झाली, कर्णिकांनी हात काढला. हॉर्नने मात्र काही थांबायचं मनावर घेतलं नाही. रिलेच्या डबीतलं काहीतरी वितळून चिकटलं होतं. हॉर्न वाजतच राहिला.

कर्णिकांना तो ऐकू आला नाही असं नाही. ऐकू आला, पण लांबून, आणि कुठून येतोय ते कळेना. काचा बंद, एसी चालू. त्यांचा असा समज झाला की मागून कुणीतरी अत्यंत उर्मट माणूस येतोय आणि त्याला पुढे जायची घाई झालीय. त्यांनी आरशात पाहिलं. मागे एक म्हातारा सायकलवर. कर्णिकांनी सभ्यपणे गाडी डावीकडे घेतली आणि काचेआडूनच हाताने त्याला पुढे जायची खूण केली. म्हातारा सायकलवरून उतरून कान झाकून उभा राहिला, पण पुढे गेला नाही. आवाजही थांबला नाही. लोकांना हल्ली शिस्त राहिली नाही, असं स्वतःशी म्हणत कर्णिक पूल उतरले. कुळगावच्या बाजारात त्या दिवशी त्यांना जशी वाट मिळाली, तशी लग्नाच्या वरातीलाही मिळत नाही. माणसं हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत होती. काही जण हात उंचावून काही सांगतही होते. कर्णिकांनी एकदोघांना मान झुकवून नमस्कार केला.

हॉलमध्ये भाषणं संपली होती. कारखान्यातले जुने लोक, नातेवाईक, शेजारी. दोन मिनिटं शांतता पाळू या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे उभे राहिले.

मालिनीवहिनी पहिल्या रांगेत, इंदुबाईंच्या शेजारी. त्यांना तो आवाज वळणावरूनच ओळखू आला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. मागच्या बायकांना वाटलं, गहिवरून आलं.

आवाज जवळ आला. अगदी दारात आला. तिथे थांबला, म्हणजे गाडी थांबली, आवाज चालूच. कर्णिकांनी किल्ली काढली, काच तपासली, दार लावलं. हॉर्नला वीज थेट बॅटरीतून. किल्लीशी त्याचा काही संबंध नव्हता. गाडी बंद केल्यावर त्यांना तो आवाज जास्त स्पष्ट येऊ लागला खरा, पण दुपारची वेळ, रस्त्यावर पाचपन्नास गाड्या, आणि आपल्या गाडीची किल्ली आपल्या हातात. संशय घ्यायला जागाच नव्हती. ते आत गेले, सगळे उभे दिसले, तेही शेवटच्या रांगेत सुजितच्या शेजारी मान खाली घालून उभे राहिले.

सुजितने त्यांच्या कोपराला हात लावला. कर्णिकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. श्रद्धांजली चालू असताना चुळबुळ करणारी ही पिढी.

पण बाहेरचा तो हॉर्न त्यांनाही असह्य झाला. बाळ देसले त्यांचा मित्र होता. अडीअडचणीला एकमेकांच्या पाळ्या केलेल्या. त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहायचं, तर दाराशी कुणी नालायक हॉर्न दाबून बसलाय. त्यांचे डोळे भरून आले, आणि रागही आला. ते तरातरा बाहेर गेले. दारातूनच त्यांनी आवाज चढवला, "अरे, लाज वाटत नाही का? माणूस गेलाय इथे. कोणाची गाडी आहे ही?"

एका पांढऱ्या गाडीभोवती रिक्षावाले जमले होते. ते सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. एकाने फक्त गाडीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट कर्णिकांकडे वळवलं.

कर्णिक गाडीजवळ गेले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा थरथरत होता. आवाज त्यांच्या तळहातातून वर आला, तेव्हा त्यांना कळलं.

बॉनेट उघडलं, एका रिक्षावाल्याने पाना लावून बॅटरीची वायर काढली. कुळगाव एकदम शांत झालं. तोवर हॉलमधले लोक बाहेर आले होते. इतकी शांतता, की खरं तर श्रद्धांजली आत्ता सुरू झाली असं म्हणता आलं असतं.

कर्णिक तिथेच उभे होते. काय करावं ते न सुचून त्यांनी बॉनेट बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. इंदुबाई पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ आल्या. वहिनी मागे. वहिनींना वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलणार आणि बोललीच पाहिजे.

इंदुबाई कर्णिकांच्या अगदी जवळ गेल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. त्यांना तशी सवय असावी.

"भाऊ, यांनाही येत नव्हतं ऐकू. शेवटी शेवटी काहीच येत नव्हतं. कानाचं मशीन घ्या म्हटलं की रागवायचे. मी बोलायची, ते नुसते हो हो करायचे. दवाखान्यात होते तेव्हा मी रोज त्यांच्याशी बोलत होते. काय काय सांगितलं. त्यातलं त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. ते हो म्हणत होते."

कर्णिकांनी मान हलवली.

"तुम्हाला कळलं का मी काय बोलले?" इंदुबाईंनी विचारलं.

कर्णिक हो म्हणायला निघाले होते. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळं नाही."

तेव्हा वहिनींनी ते त्यांना पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या समोर, कानाशी तोंड नेऊन.

कानाच्या तपासणीला ते पुढच्याच आठवड्यात गेले. अर्थात ताठ मानेने. ऋतिका नावाची एक मुलगी तपासणारी होती. तिने त्यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. कर्णिकांनी परीक्षेत पहिलं यायचं ठरवलं होतं. ते ठरावीक वेळाने, न चुकता बटण दाबत राहिले. थोड्या वेळाने ऋतिकाने दार उघडलं.

"काका, छान दाबताय. फक्त मी अजून काही वाजवलेलं नाही."

कर्णिकांनी खरं ऐकण्याची ही पहिलीच पायरी म्हणावी लागेल.

यंत्रं आली, दोन, दाण्याएवढी. पहिल्या दिवशी ती घालून ते जिना उतरू लागले आणि निम्म्यावर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, पाठीमागून कुणीतरी येतंय. त्यांच्याच चपलांचा आवाज होता. घरात वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी ते दचकत. टीव्ही लावला तर त्यांनी ताबडतोब बंद केला आणि हे लोक एवढे का ओरडतात म्हणून विचारलं. आमच्या मजल्याने त्या दिवशी दुपारी झोप काढली.

गाडी त्यांनी गॅरेजमध्ये नेली. जुना हॉर्न परत बसवताना मिस्त्रीच्या मागे उभे राहिले, सूचना द्यायला तोंड उघडलं आणि, सुजित शपथेवर सांगतो, परत मिटलं. लाल शंख काही दिवस गॅलरीत पडून होते. मग वहिनींनी ते भंगारवाल्याला दिले.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मालिनीवहिनींनाही वाटलं होतं. पण झालं असं, की गेल्या कित्येक वर्षांत त्यांना स्वयंपाकघरात उभं राहून नवऱ्याविषयी मोकळेपणाने बोलायची सवय लागली होती. मनात येईल ते, साध्या आवाजात, भांडी घासता घासता. ऐकणारं कुणी नव्हतं. शेजारी म्हणून मला त्यातलं बरंच ऐकू येई, आणि काही काही तर लिहून ठेवण्यासारखं असे.

एका संध्याकाळी वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. "आणली भाजी," त्या म्हणाल्या. "बाजारातली सगळ्यात जून गवार शोधून काढायला नजर लागते. ती यांना देवाने दिलीय."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कोवळीच होती. मोडून बघितली मी."

आत क्षणभर पाण्याचा नळ तेवढा वाजत राहिला. मग वहिनींनी तो बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कोवळी? या, दाखवते. ही कोवळी?"

ते भांडण गवारीवरून सुरू झालं आणि लग्नात कुणाच्या मामाला मानाचा टॉवेल मिळाला नव्हता तिथपर्यंत गेलं. दोघंही एकमेकांचं एकही वाक्य सोडत नव्हते. मध्ये सुजित मेंटेनन्सची पावती द्यायला आला, दारातच थांबला, आणि पावती माझ्याकडे ठेवून गेला. जेवायच्या वेळेला आवाज थांबले. मी पावती द्यायला गेलो तर दोघं गवारीची भाजी खात होते, आणि वहिनींचा चेहरा असा खुलला होता की मी पावती दिली आणि लगेच परत आलो.